मुक्त लेखन चालू ठेवून छोटी प्रकाशनसंस्था उभी करता येईल का?

अर्धविराम :

नमस्कार. गेली साडेचार वर्षे मी मुक्त लेखन करून उपजीविका करते आहे. एका मासिकातील सदर, दोन-तीन संस्थांच्या संकेतस्थळांसाठीचा मजकूर, अधूनमधून एखादे भाषांतर, आणि मागील वर्षी लिहून दिलेला एका उद्योगसमूहाचा इतिहास, ज्यावर माझे नाव नाही, अशी माझ्या कामाची साधारण विभागणी आहे. दरमहा उत्पन्न सारखे नसले तरी वर्षाचा हिशेब मांडल्यावर घर चालते आणि थोडे शिल्लक राहते. सध्या सहा महिन्यांचा घरखर्च भागेल इतकी रक्कम बाजूला आहे.

वर्षाला दोन, फार तर तीन पुस्तके काढणारी एक छोटी प्रकाशनसंस्था सुरू करावी, असे बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. पहिली दोन पुस्तके डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे माझ्या सदरातील आणि इतरत्र छापून आलेल्या ४२ लेखांचा संग्रह, आणि दुसरे म्हणजे एका मैत्रिणीचे हस्तलिखित. तिने अनेक वर्षे ग्रंथालयात काम करताना वाचकांविषयी केलेल्या नोंदींतून ते आकाराला आले आहे. मुद्रितशोधन मी स्वतः करू शकते आणि पृष्ठमांडणी शिकते आहे.

अडचण अशी, की कोणते पुस्तक आधी काढावे हे ठरत नाही. मुद्रक म्हणतात की ३०० ऐवजी १००० प्रती छापल्यास प्रतीमागचा खर्च तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक उतरतो, आणि ते ऐकल्यापासून हजारांचा आकडा डोक्यातून जात नाही. शिवाय सर्वांत मोठी शंका वेळेची आहे. लेखनाची कामे न सोडता हे जमते का? ज्यांनी दोन्ही केले आहे, त्यांनी कृपया स्पष्ट सांगावे.

दुसरे प्रूफ :

मी ११ वर्षे एक छोटी प्रकाशनसंस्था चालवतो आणि घरखर्च अजूनही बऱ्याच अंशी इतरांच्या हस्तलिखितांच्या संपादनातूनच भागवतो. म्हणून प्रथम हजार प्रतींविषयी लिहितो, कारण नवा प्रकाशक बहुतेक वेळा तिथेच फसतो.

ऑफसेट छपाईत प्लेट तयार करणे आणि यंत्र लावणे हा खर्च प्रती कितीही काढल्या तरी साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे प्रती वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला तो कमी येतो. मुद्रक खोटे बोलत नाहीत. मात्र प्रतीमागचा खर्च हा त्यांचा आकडा आहे. तुमचा आकडा वेगळा असायला हवा, आणि तो म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागचा खर्च.

केवळ उदाहरणासाठी पुस्तकाची छापील किंमत १०० एकक धरू. वितरक आणि दुकानदार यांची मिळून सवलत ५० धरू, कारण छापील किमतीचा निम्मा भाग या साखळीत जाणे मुळीच विशेष नाही. लेखकाचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, छापील किमतीच्या १० टक्के धरले तर तुमच्या हाती ४० उरतात. संपादन, मांडणी आणि मुखपृष्ठ यांचा एकदाच होणारा खर्च ९,००० धरा. हजार प्रती २० एककांनी छापल्या तर छपाईचे २०,००० आणि एकूण २९,००० होतात, म्हणजे खर्च भरून निघण्यासाठी दुकानांतून ७२५ प्रती विकल्या जायला हव्यात. ३०० प्रती ३२ एककांनी छापल्या तर छपाईचे ९,६०० आणि एकूण १८,६०० होतात. आता गंमत पाहा. या ३०० प्रती सगळ्या दुकानांतूनच विकल्या गेल्या तरी १२,००० च मिळतात. लहान आवृत्ती दुकानांच्या भरवशावर कधीच फिटत नाही, आणि हा हिशेब न करता ‘आधी थोड्याच छापतो’ म्हणणारेही पुढे निराश होतात.

वाट निघते ती थेट विक्रीतून. तीच प्रत वाचकाने तुमच्याकडून पूर्ण किमतीला घेतली आणि पाठवणीचे १० तुम्ही सोसले, तर स्वामित्वधन वजा जाता ८० हाती येतात. समजा, ३०० पैकी २० प्रती लेखकाला आणि अभिप्रायासाठी गेल्या, २०० थेट गेल्या आणि ८० दुकानांतून, तर १९,२०० जमा होतात आणि ६०० उरतात. एवढ्यात श्रीमंत कोणी होत नाही, पण पुनर्मुद्रणाच्या वेळी ते ९,००० पुन्हा घालावे लागत नाहीत आणि खरी मिळकत तिथून सुरू होते. नेमकी एवढीच विक्री हजार प्रतींच्या आवृत्तीत झाली असती, तर ९,८०० ची तूट आली असती आणि ७०० प्रती पलंगाखाली राहिल्या असत्या. पलंगाखाली ७०० प्रती मावत नाहीत, हे मी मोजून पाहिले आहे.

म्हणून मी तुम्हाला उलट प्रश्न विचारतो. तुमचे सदर वाचणाऱ्यांपैकी २०० जणांपर्यंत मासिकाच्या मध्यस्थीशिवाय तुम्ही पोहोचू शकता का? मुक्त लेखनातून प्रकाशनाला मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक लेखक ती गोळाच करत नाहीत. वाचकाचे पत्र येते, आपण उत्तर देतो, आणि त्याचा पत्ता तसाच हरवतो. पुस्तकाला वर्षभर अवकाश असेल तर आजपासून, अर्थातच विचारून, हे पत्ते जपायला लागा.

पैशांबाबत आणखी एक. मुद्रकाला बरीच रक्कम आगाऊ द्यावी लागते. दुकानांकडून मात्र विक्रीनंतर काही महिन्यांनी पैसे येतात, आणि न खपलेल्या प्रती परत येतात त्या वेगळ्याच. विक्री न झाल्यास परत घेण्याची ही रीत अमेरिकेतील प्रकाशकांनी १९३० च्या दशकातील महामंदीत दुकानदारांना धीर देण्यासाठी रुजवली. मंदी ओसरली, रीत राहिली. तेव्हा संस्थेचे बँकखाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, त्यात एक ठरावीक रक्कम घाला, आणि ती संपली की पुढचे पुस्तक थांबवा. सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात लावू नका. तुम्ही स्वतः केलेले मुद्रितशोधन आणि मांडणी हेही फुकट समजू नका. बाहेरच्या ग्राहकाला जो दर लावला असता तोच दर लावून ते तास संस्थेच्या वहीत खर्च म्हणून लिहा, पैसे प्रत्यक्ष घेतले नाहीत तरी चालेल. वर्षाअखेरीस ती वही वाचली की पुस्तकाने खरोखर किती खाल्ले ते कळते.

कोणते पुस्तक आधी, याविषयी माझे मत असे, की तुमचे स्वतःचे. शिकताना चुका होणारच, त्या मैत्रिणीच्या पुस्तकावर होऊ नयेत.

करारातली ओळ :

मी लेखक आणि प्रकाशक यांच्यातील करारांचे काम पाहते. वरील हिशेबाशी सहमत आहे, परंतु त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा. ते ४२ लेख तुमचे आहेत का?

लिहिले तुम्ही, म्हणून स्वामित्वहक्क तुमचा, ही सुरुवात बरोबर आहे. स्वामित्वहक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात, १९०८ च्या दुरुस्तीपासून, हक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट राहिलेली नाही, आणि तो करार मानणाऱ्या देशांत लेखन होताच संरक्षण लाभते. मात्र लाभलेला हक्क सहीनिशी दुसऱ्याला देऊनही टाकता येतो, आणि मुक्त लेखक ते अनेकदा न वाचताच करतात. नियतकालिकाने केवळ प्रथम प्रकाशनाचा हक्क घेतला असेल, तर लेख छापून झाल्यावर, किंवा करारात नमूद केलेली मुदत संपल्यावर, तो संग्रहात घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात. सर्व हक्क कायमचे हस्तांतरित केले असतील, तर स्वतःचाच लेख छापण्यासाठी तुम्हाला परवानगी मागावी लागेल. काही देशांच्या कायद्यांत तर ठरावीक प्रकारची सोपवून करून घेतलेली कामे मुळातच काम देणाऱ्याची ठरतात. त्या उद्योगसमूहाच्या इतिहासाविषयी मी गृहीत धरते की त्यातील एक परिच्छेदही तुम्हाला वापरता येणार नाही, आणि करारात गोपनीयतेचे कलम असल्यास ते काम आपले म्हणून जाहिरातीत सांगताही येणार नाही.

म्हणून एक वही घ्या आणि प्रत्येक लेखापुढे लिहा : कोठे छापला, कोणत्या तारखेला, लेखी करार होता की केवळ ईमेल, आणि त्यात हक्कांविषयी कोणते शब्द आहेत. जिथे काहीच लिहिलेले नाही तिथे संपादकांना दोन ओळींचे नम्र पत्र पाठवून लेखी संमती घ्या. फोनवरील ‘घ्या की, आमची काय हरकत’ ही संमती संपादक बदलल्यावर उरत नाही. लेखासोबतची छायाचित्रे आणि रेखाचित्रे बहुधा तुमची नसतात, हेही लक्षात असू द्या.

यापुढील कामांसाठी एक सवय लावून घ्या. मानधनाची बोलणी करतानाच, ‘प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी हा लेख स्वतःच्या पुस्तकात घेण्याचा हक्क लेखिकेकडे राहील’ एवढे एक वाक्य मागून पाहा. मोठ्या संस्था पुष्कळदा नकार देतात, लहान संस्थांनी त्याचा विचारच केलेला नसतो आणि त्या हो म्हणतात. विकताना मान्य केलेली ओळ पुढे तुमच्या प्रकाशनाचे भांडवल ठरवते, म्हणून मानधन थोडे कमी मिळाले तरी ती ओळ मी सोडणार नाही.

मैत्रिणीशी करार लेखीच करा. मैत्री आहे म्हणून तर अधिकच. छापील आवृत्तीखेरीज ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि भाषांतर यांचे हक्क तुम्ही घेत आहात की नाही, किती वर्षांसाठी, हिशेब वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यात देणार, हे त्यात असू द्या. प्रती संपून ठरावीक काळात पुनर्मुद्रण झाले नाही तर हक्क तिच्याकडे आपोआप परत जातील, हे कलम मी प्रकाशकाच्या बाजूने बसले असतानाही घालायला लावते. छोटी संस्था बंद पडू शकते. तिच्याबरोबर पुस्तक अडकून पडू नये.

आयएसबीएनविषयी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाविषयी, थोडक्यात : १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे, आणि त्यातील काही अंकांवरून प्रकाशक ओळखता येतो. त्यामुळे छापून देणाऱ्या एखाद्या सेवेचा क्रमांक वापरल्यास नोंदीत प्रकाशक म्हणून ती सेवा दिसू शकते. आपल्या देशाच्या अधिकृत आयएसबीएन संस्थेकडून स्वतःच्या संस्थेच्या नावाने क्रमांक घ्या, आणि कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी व ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात हे धरून थोडे जास्त मागा.

शिल्लक प्रती :

माझे नाव पाहून अंदाज आला असेलच. मी हे केले, चार पुस्तके काढली आणि संस्था बंद केली. आता केवळ लेखन करतो. माझा हिशेब बरा होता, करारही होते. चूक झाली ती वेळेत, म्हणून तेवढ्याविषयीच लिहितो.

लेखनाचे काम तासांच्या सलग तुकड्यांत होते. सकाळी बसलो, तीन तास कोणी बोलले नाही, तर लेख पुढे सरकतो. प्रकाशनाचे काम तसे नसते. मुखपृष्ठाचा रंग दाखवायचा आहे, कागद बदलावा लागेल, दुसऱ्या प्रुफात अनुक्रमणिकेचे पृष्ठांक चुकले आहेत, एका दुकानाला पाच प्रती हव्या आहेत. यांपैकी एकही काम दहा मिनिटांहून मोठे नसते आणि प्रत्येक काम आजच करायचे असते. ही कामे एकूण किती वेळ घेतात यापेक्षा ती केव्हा येतात याने माझा घात केला. तिसरे पुस्तक छपाईला गेले त्या महिन्यात मी दोन जुन्या ग्राहकांना ‘पुढच्या महिन्यात करतो’ म्हणालो. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे दुसरे कोणीतरी लिहीत होते. त्यांनी काही वावगे केले नाही. त्यांना लेख हवा होता, तो वेळेवर देणारा मिळाला.

या विषयातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्क ट्वेन यांचे. त्यांनी १८८४ मध्ये आपल्या भाचजावयाच्या नावाने चार्ल्स एल. वेब्स्टर अँड कंपनी ही प्रकाशनसंस्था काढली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या आठवणी छापून प्रचंड यश मिळवले. ग्रँट यांच्या पत्नीला दिलेल्या स्वामित्वधनाचा पहिला धनादेशच दोन लाख डॉलरचा होता. १८९४ मध्ये ती संस्था दिवाळखोरीत निघाली. छपाईसाठी अक्षरे जुळवणाऱ्या एका यंत्राच्या नादात त्यांनी स्वतःचा पैसा घालवला, हे तर सर्वज्ञात आहे. परंतु संस्थेला आतून पोखरले ते आणखी एका गोष्टीने : अमेरिकी साहित्याचा अनेक खंडांचा एक संग्रह हप्त्यांवर विकला जात होता, संच आधी छापून आणि बांधून द्यावा लागे, आणि ग्राहकांचे पैसे मात्र महिनोन्महिने थोडे थोडे येत. म्हणजे विक्री जितकी वाढे तितकी रोकड कमी पडे. पुढे कर्ज फिटले ते १८९५ मध्ये सुरू केलेल्या जगभरच्या व्याख्यानांतून आणि लेखनातून. प्रकाशकाला लेखकाने सोडवले. आपल्यापैकी कोणाकडे तसा श्रोतृवर्ग नाही, म्हणून लेखन आधी सांभाळा.

व्यवहारात मी आज काय केले असते? प्रकाशनाची सगळी पत्रे आणि फोन आठवड्यातील दोन दुपारींना बांधले असते, आणि मुद्रकाला, चित्रकाराला, दुकानांना ते आधीच सांगितले असते. लोक हे मानतात, मला विचारायचेच सुचले नाही. पुस्तक छपाईला जाण्याचे आठवडे माझ्या ठरलेल्या मुदतींपासून दूर ठेवले असते. पुस्तकाला बाहेरून कोणी तारीख घातलेली नसते, ती आपणच घालतो आणि मग तिच्यासाठी धावतो. आणि मुद्रितशोधन स्वतः केले नसते.

‘दुसरे प्रूफ’ यांच्या एका मताशी मात्र मी असहमत आहे. पहिले पुस्तक स्वतःचे नसावे. आपल्या मजकुरातला दोष आपल्याला दिसत नाही, आणि प्रकाशकाचे मुख्य काम तर नको ते काढून टाकायला सांगणे हेच आहे. मी माझ्या पहिल्या पुस्तकातले कोणतेही प्रकरण काढले नाही, कारण मला सांगणारे कोणी नव्हते.

दुसरे प्रूफ :

‘शिल्लक प्रती’ यांचा मुद्दा रास्त आहे, तरी मी मत पूर्ण बदलत नाही. स्वतःचे पुस्तक काढताना बाहेरचा संपादक पैसे देऊन नेमावा, आणि तो म्हणेल ते लेख गाळावेत, एवढी अट घातली तर दोष बराचसा जातो. दुसऱ्याच्या पुस्तकावर छपाई शिकण्याचा दोष तसा जात नाही. मुद्रितशोधन स्वतः न करण्याविषयी मात्र पूर्ण सहमती. माझ्या टोपणनावामागेही एक गोष्ट आहे. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या आडनावात वेलांटी चुकली होती, आणि आतील १७६ पृष्ठे मी तीनदा वाचली होती.

अर्धविराम :

तिघांचेही मनापासून आभार. आठ दिवस लेखांची वही करण्यात गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

४२ पैकी १९ लेखांचे हक्क स्पष्टपणे माझ्याकडे आहेत. सहांविषयी कोठेच काही लिहिलेले नव्हते, संपादकांना पत्रे पाठवली आणि चौघांकडून लेखी होकार आला. उरलेले १७ लेख ज्या संस्थेसाठी लिहिले, तिच्या करारात मी सर्व हक्क कायमचे दिले आहेत. त्यावर माझी सही आहे आणि तारीख पाहता तो करार मी वाचल्याचे मला मुळीच आठवत नाही. म्हणजे आजमितीस माझ्याकडे २३ लेखांचे पुस्तक आहे, आणि गाळलेल्यांत मला सर्वांत आवडणारे दोन आहेत.

वाचकांचे पत्ते शोधले. जुन्या पत्रव्यवहारातून ६४ निघाले. दोनशे अजून दूर आहेत. त्यामुळे माझा संग्रह निदान वर्षभर पुढे ढकलते आहे आणि तेवढ्या काळात प्रत्येक नव्या कामात ते हक्कांचे वाक्य मागणार आहे. काल एका ग्राहकाकडे मागितले, त्यांनी काहीही न विचारता मान्य केले. इतकी वर्षे मागितले का नाही, असे वाटून थोडा वेळ स्वतःचाच राग आला.

मैत्रिणीला मात्र मी सगळे वाचून दाखवले, चुकण्याची शक्यतासुद्धा. ती म्हणाली, तिला घाई नाही आणि ग्रंथालयाच्या वर्तुळातील दीड-दोनशे ओळखीचे लोक पुस्तकाची वाट पाहत आहेत. म्हणजे थेट विक्रीची यादी तिच्याकडे तयार आहे. तिचेच पुस्तक आधी घेते आहे, ३०० प्रती, करारासह, आणि हक्क परत जाण्याचे कलम तिनेच मागितले. मुद्रितशोधन बाहेर देते आहे. प्रकाशनाची कामे मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी करणार आहे.

एक छोटी शंका राहिली. मांडणी केल्यावर पुस्तक १९६ पृष्ठांचे झाले आहे. मुद्रक म्हणतात, चार पृष्ठे कमी करा. ते इतके का अडून बसले आहेत?

दुसरे प्रूफ :

कारण ते एका मोठ्या कागदावर १६ पृष्ठे एकत्र छापत असणार, त्याला फॉर्म म्हणतात. १२ फॉर्म म्हणजे १९२ पृष्ठे. उरलेल्या चार पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापून बांधणीत घालावा लागतो, आणि त्याचा खर्च चार पृष्ठांच्या मानाने फार पडतो. आधी नावाच्या पानामागील कोरी पृष्ठे आणि प्रकरणांच्या शेवटी दोन-तीन ओळींसाठी अडलेली पृष्ठे पाहा, बहुधा तिथेच चार निघतील. अक्षराचा आकार कमी करू नका. ग्रंथालयातले वाचक आहेत, चष्मे असतील.

अर्धविराम :

तीन निघाली. चौथे माझ्या मनोगताचे होते, ते काढले.